सारजानं न केलेली सही

भवानीनगर, २० ऑक्टोबर १९९६

चि. सौ. सारजास,

आपले आबा गेल्यावर तुझं हक्कसोडपत्र मीच लिहिलं, एकही खाडाखोड नाही. इंदापूरच्या कचेरीत साडी पुढं करून म्हणालो, "सारजे, हितं सही कर." तू म्हणालीस, "दादा, आधी वाचू दे." सगळं वाचलंस. "आबांच्या जमिनीत माझाबी वाटा हाय. सही न्हाय करायची." मी चारचौघांत बोललो, "मग माहेर तुटलं तुझं."

खरं सांगतो, तुला अक्षरं मीच शिकवली. त्यामुळं रागातही ऊर भरून आला होता. काल सातबाऱ्यावर तुझं नाव लावायचा अर्ज दिला. पत्रानं भाऊबीजेला बोलावलं तर तुला वाटेल, पुन्हा सहीच मागणार. म्हणून हे पत्र टाकत नाही. ओवाळून घ्यायला मीच तुझ्या सासरी, अंथुर्ण्याला येतो.

तुझा चुकलेला दादा,
सर्जेराव