वळणावरचा खड्डा आणि आमच्या सासूबाई यांची सरकारी नोंद रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी साहेब,
रस्ते, पाणी व इतर नोंदी विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : आमच्या वळणावरील खड्ड्याची ‘तलाव’ म्हणून व माझ्या सासूबाईंची ‘सिग्नल’ म्हणून झालेली नोंद सोमवारच्या आत रद्द करून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या विभागाकडून वेळोवेळी आलेली पत्रे, तसेच एक पिशवी मासे.

महोदय,

अर्जदार मी, वळणावरच्या पंक्चरच्या दुकानाची मालकीण, आपणांस आदरपूर्वक कळवते की हा अर्ज मी रागाच्या भरात लिहीत नाही. रागाच्या भरात लिहिला होता तो काल फाडला. हा दुसरा आहे.

१. प्रथम माझी ओळख. आमचे गाव जिथे संपते आणि मोठा रस्ता जिथे वळतो, नेमके तिथे माझे दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, हवा भरायचा पंप, टायरांची चळत आणि पाण्याने भरलेले घमेले. घमेले हे आमच्या धंद्यातले मुख्य यंत्र होय. फुगवलेली ट्यूब त्यात बुडवायची, जिथून बुडबुडे येतील तिथे पंक्चर. माझे पती गावचा पाण्याचा टँकर चालवतात. सासूबाई घर चालवतात, आणि त्यांच्या मते आम्हा दोघांनाही त्याच चालवतात.

२. गावाच्या नळांना पाणी येत नाही. पूर्वी रोज येत असे, मग दिवसाआड येऊ लागले, मग नुसता घशातल्यासारखा आवाज येऊ लागला, आता आवाजही येत नाही. म्हणून आपल्या कृपेने टँकर सुरू झाला. या टँकरला वरचे झाकण नाही. ते दुरुस्तीसाठी आपल्याच कार्यालयात जमा आहे. माझे पती प्रत्येक खेपेला चौकशी करतात, तेव्हा त्यांना सांगण्यात येते की झाकण तयार आहे, पण झाकणाचे साहेब रजेवर आहेत.

आता माझ्या दुकानासमोर, ऐन वळणावर, रस्त्याला खड्डा आहे. खड्डा म्हणताना मला संकोच होतो, कारण त्यात एकदा एक मोटार अशी बसली की मागून येणाऱ्याला तिचे फक्त छत दिसत होते. टँकरचे पुढचे चाक त्यात उतरले की टँकर पुढे वाकतो, मग मागे उसळतो, आणि निम्मे पाणी उघड्या तोंडातून बाहेर येऊन खड्ड्यात पडते. गावच्या टाकीपर्यंत जे पोचते त्याने टाकीचा तळ भिजतो. साहजिकच लोकांनी टाकीवर जाणे सोडले आणि हंडे-बादल्या घेऊन ते खड्ड्याभोवती बसू लागले. वळणाच्या एका अंगाला माझे दुकान, दुसऱ्या अंगाला गोदामाची उंच भिंत. समोरून काय येते आहे ते गाडी अंगावर आल्याशिवाय दिसत नाही.

३. एके सकाळी सासूबाई खड्ड्याकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून बादली भरत होत्या. मी दुकानात एका सायकलची ट्यूब चढवत होते. दुधाची गाडी भरधाव वळणावर आली. मला आधी तिचा ब्रेक ऐकू आला. मी कशी धावले ते मला आठवत नाही. सासूबाईंना दंडाला धरून मी मागे ओढले आणि आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला एकमेकींच्या अंगावर पडलो. गाडीचे चाक बादलीवरून गेले. गाडीवाल्याने खाली उतरून बादली उचलून आणून दिली. सासूबाईंनी चपट्या बादलीकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि म्हणाल्या, “सांडलंस ना सगळं!”

साहेब, लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांचे-माझे फारसे कधी जमले नाही, हे मी आपल्यापासून लपवत नाही. पण त्या दिवशी दुपारी जेवताना त्यांचा घास हातातच राहिला होता, हे मी पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या दुकानातले हात पुसायचे लाल फडके काठीला बांधले आणि वळणावर जाऊन उभ्या राहिल्या. मी म्हटले, “आत या, हे आपलं काम नाही.” त्या म्हणाल्या, “मग कोणाचं? त्याला बोलाव, मी येते आत.” मला कोणाला बोलवावे ते समजले नाही, म्हणून मी आपल्याकडे तक्रार केली. आजचे सर्व प्रकरण त्या तक्रारीतून उद्भवले आहे.

४. तक्रारीवरून आपले दोन साहेब एकाच जीपने पाहणीस आले. एक पाण्याचे, एक रस्त्याचे. नुकताच टँकर गेला होता, त्यामुळे खड्डा काठोकाठ होता. पाण्याच्या साहेबांनी त्यात काठी घालून पाहिली आणि विचारले, “इथं पाणी कायम असतं का?” सासूबाई म्हणाल्या, “टँकर आला की असतं.” साहेबांनी लिहिले : ‘असते.’

त्यांची ती जीप सासूबाईंनी लाल फडके दाखवून आधीच अडवली होती आणि दोन शेजारणींच्या बादल्या भरेपर्यंत सोडली नव्हती. रस्त्याच्या साहेबांनी मला विचारले, “या वळणावर सिग्नल वगैरे काही आहे का?” मी हताशपणे सासूबाईंकडे बोट दाखवून म्हटले, “सिग्नल म्हणा, पोलीस म्हणा, या आहेत तेवढ्याच.” यात माझ्या बोलण्याचा जो दोष असेल तो मला मान्य आहे. परंतु समजूतदार माणसाने यातून काय तो अर्थ घ्यावा अशी माझी अपेक्षा होती.

५. त्यानंतर पत्रे आली. पहिल्या पत्रात, गावात बारमाही तलाव आढळल्याने टँकर बंद करण्यात येत आहे, असे कळवले होते. टँकर बंद झाला, म्हणून खड्डा आटला, आणि माझे पती घरी बसले. दुसऱ्या पत्रात, वळणावर सिग्नल चालू स्थितीत असल्याने धोक्याची पाटी, आरसा अथवा गतिरोधक देता येत नाही, असे होते. मी उलट टपाली विनंती केली की मग निदान कोरडा खड्डा तरी बुजवावा. त्यावर तिसरे पत्र आले की तलाव बुजवणे हा गुन्हा आहे आणि असा विचार मनात आणल्याबद्दल मला ताकीद देण्यात येत आहे. ती ताकीद मी घेतली आहे.

६. पुढे आपल्या विभागाची एक गाडी आली आणि तलावात सोडण्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीत मासे देऊन गेली. मी त्या गृहस्थांना खड्डा दाखवला. त्यात एक कुत्रे झोपले होते. ते गृहस्थ म्हणाले, “मला फक्त पोच हवी, बाई.” मी पोच दिली. जिवंत प्राणी डोळ्यांदेखत मरू देणे मला जमेना, म्हणून ते मासे माझ्या घमेल्यात सोडले. तेव्हापासून माझा धंदा बसला आहे. ट्यूब पाण्यात बुडवली की मासे गोळा होतात, शेपट्या मारतात, आणि वर आलेला बुडबुडा ट्यूबचा की माशाचा हे ओळखता येत नाही. परवा मी एका शिक्षकांच्या स्कूटरच्या धडधाकट ट्यूबला ठिगळ लावून दिले. त्या सज्जन गृहस्थांनी पैसे दिले, पण जाताना माशांकडे फार वेळ पाहिले.

गावचे लोक आता पाण्यासाठी मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या वस्तीतल्या हातपंपावर जातात. ओलांडायचे ते याच वळणावर. सासूबाई गाड्या थांबवतात, माणसे हंडे घेऊन पलीकडे जातात, भरून येतात, मग गाड्या सुटतात. मोठमोठे ट्रकवाले त्यांना वचकून असतात. एकाने जोरात भोंगा वाजवला, तर त्यांनी त्याला खाली उतरवून एका म्हातारबाबांचा हंडा घरापर्यंत पोचवायला लावला. आता तो येताना लांबूनच वेग कमी करतो आणि मान लववतो.

७. मध्यंतरी माझी नणंद बाळंत झाली, म्हणून सासूबाई तिच्याकडे गेल्या. लगेच आपली नोटीस आली : ‘सदर सिग्नल बंद आढळला. कारण कळवावे.’ मी कळवले की सिग्नल लेकीच्या बाळंतपणाला गेला आहे. त्यावर, परवानगीवाचून सिग्नल हलवल्याबद्दल खुलासा मागवण्यात आला. तोही मी दिला. त्यात मुलगी झाल्याचेही नमूद केले होते, परंतु अभिनंदनाचे पत्र अद्याप आलेले नाही.

त्या दिवसांत वळणावर माझे पती उभे राहत. ते स्वभावाने गरीब आहेत. गाडी आली की ते फडके दाखवण्याऐवजी गाडीवाल्याला नमस्कार करीत. गाडीवालाही नमस्कार करून निघून जाई. अशाच एका नमस्कारानंतर शेजारची शिंपीण हंडा घेऊन ओलांडत असताना मोटारसायकलचा धक्का लागून पडली आणि तिचा उजवा हात मोडला. ती आता डाव्या हाताने कात्री चालवायला शिकते आहे. गावात अर्ध्या लोकांच्या बाह्या लांबआखूड झाल्या आहेत, पण कोणी तक्रार करत नाही. साहेब, या एका मुद्द्यावर मला हसू येत नाही. हंडा भरायला गेलेल्या बाईचा हात मोडतो, हे कुठल्या खात्यात बसते ते मला कृपया सांगावे.

हे कळताच सासूबाई नातीला अंघोळ घालायची सोडून परत आल्या. पतीच्या हातून फडके काढून घेतले, शिंपिणीला बघून आल्या आणि वळणावर जाऊन उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, “तुझा नवरा माझाच मुलगा आहे, म्हणून जास्त बोलत नाही.”

८. गेल्या आठवड्यात आपले दोन रंगारी पिवळा आणि काळा रंग घेऊन आले. सिग्नलच्या खांबास पट्टे मारावेत असा त्यांना लेखी आदेश होता. त्यांनी खांब शोधला, मग आदेश पुन्हा वाचला, मग सासूबाईंकडे पाहिले. त्यांच्यातला थोरला म्हणाला, “आजी, आम्हाला काम पुरं करून जावं लागेल.” शेवटी सासूबाईंनी त्यांना आपली बसायची खुर्ची रंगवू दिली. रंग ओला असतानाच त्यांना एक ट्रक थांबवून दमल्यासारखे झाले आणि त्या खुर्चीत बसल्या. त्यामुळे आपल्या नोंदीप्रमाणे पट्ट्यांचे काम पूर्ण झाले आहे, असे समजण्यास हरकत नाही.

९. आणि आता सोमवार. काल आलेल्या पत्रानुसार सदर सिग्नलला वीजजोडणी मंजूर झाली असून येत्या सोमवारी सकाळी वायरमन वायर घेऊन हजर होईल, ‘सिग्नल जागेवर तयार ठेवावा’ असा आदेश आहे. मी हे पत्र सासूबाईंना दोनदा वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “बिल कोणाच्या नावावर येणार?”

साहेब, त्या घाबरत नाहीत, हीच माझी खरी काळजी आहे. गुडघे दुखतात म्हणून त्या घरातल्या घरात भिंतीला धरून चालतात, आणि गाडीचा आवाज आला की तशाच बाहेर धावतात. त्यांनी दमून आत यावे, बसावे, मला चार गोष्टी सुनवाव्यात, असे मला आता मनापासून वाटते. परंतु पाणी आल्याशिवाय माणसे रस्ता ओलांडायची थांबणार नाहीत, आणि माणसे थांबल्याशिवाय त्या थांबणार नाहीत.

तरी माझी विनंती अशी की आमच्या खड्ड्याला खड्डा म्हणावे व त्याप्रमाणे तो बुजवावा. टँकर झाकणासह सुरू करावा, आणि पुढे नळाचेही बघावे. वळणावर एक आरसा, एक पाटी व एक गतिरोधक द्यावा. मासे परत न्यावेत. ते आता मोठे झाले आहेत व घमेले त्यांना पुरत नाही. आणि माझ्या सासूबाई या माणूस असल्याचे आपल्या सहीशिक्क्यानिशी एक पत्र द्यावे, जे वायरमनला दाखवता येईल.

पाण्याची व आपल्या उत्तराची, याच क्रमाने, वाट पाहणारी,

(सही)
पंक्चर दुकानाची मालकीण, मोठे वळण
दिनांक : आजचा, वार शनिवार

सोबत : खड्ड्याचा फोटो, कोरडा, कुत्र्यासह. शिंपिणीच्या हाताच्या क्ष-किरण चित्राची प्रत.

ता. क. — अर्ज पाकिटात घालत असतानाच वायरमन आला. सोमवारी त्याला दुसरे काम लागल्याने तो आजच आला, असे म्हणाला. मी हातातला अर्ज टाकून बाहेर धावले. तो वायरचे भेंडोळे खांद्यावर घेऊन सरळ सासूबाईंच्या दिशेने चालला होता. त्यांनी लाल फडके वर केले. तो थांबला. आता दुपार कलली आहे, तो अजून तिथेच उभा आहे, आणि सोडायला सांगितले तर सासूबाई म्हणतात की वरून आदेश आल्याशिवाय त्यांना काही करता येत नाही. तरी तो आदेश त्वरित पाठवावा. त्याला मी पाणी नेऊन दिले आहे.