दुर्बिणीचा रोख

चेरीवूड, ७ नोव्हेंबर २०२१

चि. सुलेखास, नंदाआक्काचे अनेक आशीर्वाद.

नाही, मी काही कुणाच्या दाराला कान लावत नाही. दार उघडं असतं आणि मला कान आहेत, त्याला मी काय करू? पण या घरात काहीतरी शिजतंय आणि ते गॅसवर नाही. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की माझा उपेंद्र आणि सून माधवी इंग्रजीत शिरतात. मी प्रेसमधून (इथं आयरिश लोक भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात) डबा काढेपर्यंत दोघं हवापाण्यावर आलेले असतात. हवेवर इतकं बोलण्यासारखी इथं हवाच नाही. पाऊस पडतो, नाहीतर पडणार असतो.

तुला फोन केला की ही मंडळी तो स्पीकरवर टाकतात. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. वाचून झाला की पुसून टाक. आणि तू फोटो काढशील तेव्हा अंगठा बाजूला ठेव, मागच्या वेळी निम्मा मजकूर त्याच्याखाली गेला.

तर ऐक. दिवाळीच्या फराळाला पोर्टलीशहून एक डॉक्टर पोरगा आला होता, अद्वय नावाचा. तिथल्या दवाखान्यात आहे. बरोबर त्याचे वडील, राजीवराव, नागपूरचे. बायको वारलेली. माझ्यासारखेच मुलाकडं चार महिने म्हणून आले आणि कोरोनात अडकले. या पोरानं आपल्या शर्वाणीनं केलेली जळकी चकली खाल्ली आणि वर छान झालीय म्हणाला. लग्नाच्या वयाच्या नातीची जळकी चकली कुणी उगाच छान म्हणत नाही. आणि आता येत्या एकवीस तारखेला, रविवारी, आम्ही आणि ते मिळून समुद्रावर पक्षी बघायला जाणार! या देशात इतकी वर्षं राहून उपेंद्रनं दारातल्या कावळ्याकडं मान वर करून बघितलं नाही. मला म्हणतो, आई, तू यायलाच पाहिजेस. माधवीनं माझ्यासाठी बूट आणलेत.

मला कळत नाही काय? हा मुलगी दाखवायचा कार्यक्रम आहे. पोह्यांऐवजी पक्षी, एवढाच फरक.

माझं कसं ठरलं ते तुला आठवणार नाही, तू लहान होतीस. मी परड्यात गोवऱ्या थापत होते. बाहेरच्या खोलीत ठरलं. आई साखर वाटत वाटत मागं आली, माझे हात शेणाचे म्हणून तोंडात चिमूट घातली आणि पुढं शेजारणीकडं गेली. विचारलं कुणीच नाही. माणूस चांगला निघाला, ते माझं नशीब. पण शर्वाणीचं असं परस्पर ठरवू देणार नाही मी. सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार, आधी तिला विचारा. जानेवारीत मला परत यायचंच आहे, जाताजाता वाईट झाले तरी चालेल.

लोभ आहे, तो आहे तिथंच राहू दे.
नंदा


फलटण, १० नोव्हेंबर २०२१

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

बघ, अंगठा बाजूला ठेवलाय.

तुझा फोटो मोठा करकरून वाचला. पोराचं तू अगदी चकलीपासून लिहिलंस, पण वडिलांना दोन ओळींत उरकलंस. उंच आहेत का? दात स्वतःचे आहेत का? बोलतात बरे का? घर कळायचं तर वडिलांवरूनच कळतं म्हणून विचारते, दुसरं काही नाही.

आणि तू काय नेसणार आहेस? ती जांभळी नारायणपेठ नेलीयेस ना, ती नेस. वर ती माकडटोपी चढवू नकोस, आक्का, हात जोडते. आपण मुलीकडचे.

इथलं सगळं ठीक. तुझ्या घरी रोज संध्याकाळी जाऊन दिवा लावून येते, बंद घर दिसायला नको म्हणून. परवा कडी काढली तर पालच माझ्याकडं बघून दचकली. एसटीचा संप चालू आहे. स्टँडवर शुकशुकाट, फलाटावर कुत्री ऐसपैस झोपलेली असतात.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिहायचं सोडू नकोस.
तुझी,
सुलेखा


चेरीवूड, १६ नोव्हेंबर २०२१

चि. सुलेखास आशीर्वाद.

तुला त्यांच्या दातांशी काय करायचंय? स्वतःचे आहेत. तीच चकली त्यांनीही खाल्ली. उंच आहेत, जरा वाकलेत. आणि बोलतात बरे का म्हणून काय विचारतेस! जन्मभर एसटीत कंट्रोलर होते, नागपूरच्या स्टँडवर गाड्या पुकारायचे. माणूस रिटायर झाला, आवाज नाही झाला. चहात साखर हवी म्हणाले तरी पिशवी उचलून फलाटाकडं धावावंसं वाटतं.

शर्वाणीला मी सरळ विचारलं. ती गॉलवेहून शनिवार-रविवार घरी येते. मी म्हणलं, तुला हा अद्वय पसंत आहे का? ती पोट धरून हसली. म्हणाली, अज्जी, तो ग्रँड आहे, पण नो. या पोरीचं ग्रँड मला अजून कळलेलं नाही. भाजी ग्रँड, ताप ग्रँड, नोकरी गेली तरी ग्रँड. नो मात्र कळलं. म्हणजे बघ, पोरीला नको आणि हे रेटतायत.

आणखी ऐक. माधवी मला म्हणाली, आई, त्या दिवशी तुमच्या हातच्या सांजोऱ्या करा, दुसरं काही नको. पक्षी बघायला सांजोऱ्या कशाला? मुलीच्या हातचं खायला घालायचं असतं, आजीच्या नाही. पण पोरीला साधी चकली येत नाही, तेव्हा माझ्या सांजोऱ्या तिच्या म्हणून खपवायच्या, असा हिशेब दिसतो. मी करणार. पण कुणी केल्या ते मीच सांगणार.

उपेंद्र तर वेगळाच वागतोय. काल माझ्या पलंगावर येऊन बसला आणि म्हणाला, आई, फलटणला एकटीला जड जाईल का गं? मी म्हणलं, तुझे वडील गेल्यावर नऊ वर्षं पिठाची गिरणी मी एकटीनं चालवली, तेव्हा जड गेलं होतं का? उठून गेला. घर विकायचं तर डोक्यात नाही ना याच्या? तुला काही बोललाय?

टोपी मी घालणार. थंडीला नारायणपेठ कळत नाही.

बाकी माया तुझ्यापाशी जमा आहे, जपून वापर.
नंदा


चेरीवूड, २२ नोव्हेंबर २०२१

सुलेखास.

आशीर्वाद नंतर, आधी सांगते काय झालं ते.

किलकूल म्हणून गाव आहे समुद्रावर, इथून जवळच. वाळू नाही, नुसते गोटे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पाणथळ, मधून आगगाडीचे रूळ. वारा असा की डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं. ब्रेंडन नावाचा एक आयरिश म्हातारा पक्षी दाखवायला आला होता, तीन पायांवर मोठी दुर्बीण लावून. काळ्या मानेची मोठमोठी बदकं होती, शेकड्यांनी. उत्तरेकडच्या बर्फातून इथं हिवाळ्याला येतात म्हणे. म्हणजे यांना हे गाव उबदार वाटतं. तिथंच मला त्यांच्या अकलेची शंका आली.

राजीवराव माझ्या शेजारी येऊन संपावर बोलायला लागले. दुसऱ्या वाक्याला ती सगळी बदकं एकदम उठली आणि समुद्रावर गेली. ब्रेंडननं ओठांवर बोट ठेवलं. मग उपेंद्रच म्हणाला, तुम्ही दोघं जरा लांब बसा. जागाही यानंच दाखवली, ओंडका होता एक. रुमालानं पुसला. सांजोऱ्यांचा डबा आणि चहाचा थर्मास आमच्या मधे ठेवला आणि गेला. मला वाटलं, बरं झालं, मुलाच्या बापाला एकट्याला गाठता येईल.

मी सरळ बोलले. म्हणलं, राजीवराव, सांजोऱ्या मी केल्यात, शर्वाणीनं नाही. आणि माझ्या नातीला विचारल्याशिवाय तुमच्या मुलाचं आणि तिचं काही ठरणार नाही.

त्यांच्या हातातला चहा सांडला. म्हणाले, बाई, तुम्ही काय बोलून राहिल्या? अद्वयचं तर ठरलंय, कॉर्कला त्याच्याच बरोबरची एक डॉक्टर मुलगी आहे, मे महिन्यात लग्न आहे. मी म्हणलं, मग आज आपण इथं कशाला आलोय? तर म्हणतात, मला सांगितलं, शर्वाणीच्या आजीला पक्ष्यांचा भारी नाद आहे, तिला सोबत म्हणून चला. आणि मला घरी काय सांगितलं होतं ठाऊक आहे? राजीवरावांना पक्ष्यांचा नाद आहे म्हणून!

मग दोघांनीही एकदमच मान वळवली. उपेंद्र, माधवी, शर्वाणी आणि तो अद्वय, चौघं रांगेत उभे. चौघांच्या डोळ्यांना दुर्बिणी. आणि एकाही दुर्बिणीचा रोख समुद्राकडं नव्हता. आमच्याकडं होता. शर्वाणीनं तर हात हलवला.

राजीवराव उभे राहिले आणि ओरडले, अरे, मला कोणी विचारलं होतं का! परत आलेली बदकं परत उडाली. ब्रेंडननं टोपी काढून डोकं खाजवलं.

सहासष्ट वर्षांची झाले, सुलेखा, आणि माझं पुन्हा परड्यातच. बाहेरच्या खोलीत ठरवून मोकळे. साखर तेवढी वाटायची राहिली. गाडीत मी कुणाशी बोलले नाही. आजही बोललेले नाही.

आणि तू. दात स्वतःचे आहेत का, काय नेसणार, टोपी घालू नकोस! घर वडिलांवरून कळतं काय? तुला कधीपासून ठाऊक होतं ते एका ओळीत लिही. शेपूट लावू नकोस.

आज लोभबीभ काही नाही.
नंदा


फलटण, २५ नोव्हेंबर २०२१

ती. आक्कास, साष्टांगाच्या वर आणखी काही असेल तर तेही.

दसऱ्यापासून. ही झाली एक ओळ. आता शेपूट.

उपेंद्रचा फोन आला होता. आपला उपेंद्र, आक्का, एवढा मोठा साहेब, फोनवर रडत होता. म्हणाला, मावशी, आई जानेवारीत फलटणला जाणार. एखाद्या सकाळी तिनं फोन उचलला नाही तर मी इथून काय करू? इथं राहा म्हणून हात जोडले तर ती म्हणते माझी गिरणी. तिकडं कुणी जोडीला असेल का, बोलायला, चहाला. राजीवरावांचं त्यालाच सुचलं. घर विकायचं त्याच्या मनातही नाही.

मी म्हणलं, विचार तिला सरळ. तो म्हणाला, विचारलं तर वाक्य पुरं व्हायच्या आत नाही म्हणेल. खोटं आहे का सांग. पण विचारायलाच हवं होतं. परड्यातलं तू मला पहिल्या पत्रात लिहिलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलं.

तुझ्या घरी दिवा लावते तेव्हा दोन मिनिटं बसते ओट्यावर. फार शांत असतं गं तिथं. लोक बोलतील म्हणशील, तर ते माझ्यावर सोड. गल्लीत माझं तोंड सगळ्यांत मोठं आहे.

आता एवढंच सांग, पुढं काय झालं? ते काय म्हणाले? तू काय म्हणालीस?

कान धरलेत, ते तू सोड म्हणेपर्यंत धरलेलेच.
सुलेखा


चेरीवूड, ६ डिसेंबर २०२१

चि. सुलेखास आशीर्वाद. कान सोड.

उपेंद्रला बोलले एकदाचं. म्हणलं, माझी काळजी करायची तर माझ्या तोंडावर कर. पाठीमागून दुर्बीण लावायला मी बदक आहे का? तो रडला. मग मीही जरा, पण कांदा चिरत होते.

काल राजीवराव आले. पोर्टलीशहून आगगाडी, मग ट्राम, एकटेच. पोराला सांगितलंसुद्धा नव्हतं. दार उघडलं तर आत आले नाहीत. पायपुसण्यावर उभे राहून म्हणाले, तुम्हाला चालत असेल तर येतो, नाहीतर इथूनच जातो. मी उपेंद्रला आणि माधवीला म्हणलं, तुम्ही वर जा आणि दार लावून घ्या. गेले बापडे.

चहा केला. सांजोऱ्या उरल्या नव्हत्या, बिस्किटं दिली. ते म्हणाले, त्या दिवशी मी ओरडलो, पण मला विचारलं नाही एवढंच ओरडलो. घरी गेल्यावर ध्यानात आलं, तुम्हालाही कोणी विचारलेलं नाही. म्हणून विचारायला आलो. फेब्रुवारीत ते नागपूरला परत जातायत. तिथं घरात आवाज असावा म्हणून दिवसभर टीव्ही लावून ठेवतात, बघत नाहीत. ते सांगताना त्यांचा आवाज इतका खाली आला की मला खुर्ची पुढं ओढावी लागली.

मग त्यांनी विचारलं. काय ते तुला ठाऊक आहे. विचारलं आणि गप्प बसले. हो म्हणा नाही, नाही म्हणा नाही, विचार करा नाही. नुसते चहात बिस्कीट बुडवत बसले. बिस्कीट तुटून कपात पडलं तरी बोलले नाहीत. मला आजवर कुणी असं विचारून मग ऐकायला थांबलेलं नव्हतं. मला वेळ लागला. पण उत्तर दिलं.

वर जिन्यात फळी वाजत होती. चार कान होते तिथं. ऐकू काही गेलं नाही त्यांना, आम्ही दोघंही हळू बोलत होतो. जेवताना उपेंद्र म्हणाला, आई, काय ठरलं? मी म्हणलं, उद्या पाऊस आहे.

माझं जानेवारीचं तिकीट आहे तसंच आहे. गिरणीचा पट्टा बघून ठेव, उंदरांनी खाल्ला असेल. आणि संप मिटला की स्टँडवर जाऊन एवढं विचारून ठेव, पुण्याहून सकाळी सुटणारी पहिली गाडी फलटणला किती वाजता लागते. नागपूरची रात्रीची गाडी पुण्यात पहाटे येते म्हणे.

कुणाला साखर वाटायची नाही. कोण, कशाला, किती दिवस, यातलं काही विचारायचं नाही. फोनवर तर नाहीच नाही. मी याच्यापुढं एक अक्षर लिहिणार नाही.

नंदा