टबातला रेमों आणि आमचं काँक्रीट

ल हाव्र, सोमवार

प्रिय सोलांजताईस,

ह्युगेतचा सप्रेम नमस्कार. तुझी तब्येत, भावोजींचा गुडघा आणि पॅरिसची हवा ही तिन्ही बरी असोत. (हवा बरी नसणारच, पण विचारायची पद्धत आहे.) "ते सिमेंटचं खोकं विका आणि इकडे माणसांत या," असं तू पुन्हा लिहिलंस. त्याचं उत्तर काल रविवारी आपोआपच देऊन झालं, ते कसं ते सांगते.

दुपारी माझा सशाचा रस्सा गॅसवर रटरटत होता, तुझा मेहुणा रेमों टबात पेपर वाचत पडला होता आणि बाहेरचं दार (माझी जुनी सवय) नुसतं लोटलेलं होतं. इतक्यात दहा-बारा माणसं सरळ आत! आपल्या इथे लोकांना दाखवायला पन्नास सालचं एक घर जसंच्या तसं मांडून ठेवलंय ना, ते बघायला निघालेली ही मंडळी जिना चुकली होती. मी तोंड उघडायच्या आत एका बाईंनी पातेल्याचं झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "अगबाई, वासाचीसुद्धा सोय केलीय!" एका गृहस्थांनी न्हाणीघर उघडलं. रेमों घाबरून श्वास रोखून बसला. "पुतळा हुबेहूब आहे, पोट मात्र जरा जास्त झालंय," असं ते म्हणाले, तेव्हा पुतळ्याने जी शिवी हासडली ती बंदरावरची असल्यामुळे इथे लिहीत नाही.

माफ्या मागून झाल्या, हसून झालं. मंडळी निघालीच होती, तेवढ्यात त्या झाकणवाल्या बाई (तुझ्याच भागातल्या निघाल्या) पुटपुटल्या, "सगळं सारखंच, चौकोनी. इतिहास नसलेलं शहर!"

ताई, मी हातातल्या डावासकट दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "थांबा बाई. तुमच्याकडे राजांनी वाडे बांधले, पण तुमच्या आजीला कुणी त्यात राहायला बोलावलं होतं का? महायुद्धात, चव्वेचाळीस साली, जर्मनांच्या तावडीतून आमची सुटका करायला आलेल्या इंग्रजांच्या विमानांनीच हे शहर सपाट केलं. कितीतरी वर्षं आम्ही लाकडी खोपट्यांत काढली. मग या देशाने आमच्यासारख्यांसाठी खांब उभे केले, जमिनीपासून छतापर्यंत खिडक्या दिल्या, घरात गरम पाणी दिलं. या भिंतीला हात लावा. आमच्या पडलेल्या घरांची खडी आहे हिच्यात."

बाईंनी हात लावला. बराच वेळ तो मागे घेतला नाही.

मग त्या गृहस्थांनी विचारलं, आधी इथे काय होतं? मी आपल्या जुन्या घराबद्दल तासभर बोलले. ससा सगळ्यांनी मिळून संपवला. रेमों (कपडे घालून) सफरचंदाची सायडर ओतताना प्रत्येकाला सांगत होता, "आमचं काँक्रीट!" एरवी हाच माणूस भिंतीत खिळा ठोकता येत नाही म्हणून वर्षानुवर्षं बोटं फुंकत बसतो. तेव्हा विकायचं नाव काढू नकोस.

तुझी,
ह्युगेत

ता. क. ही मंडळी पुढच्या रविवारी आणखी माणसं आणणार आहेत. आईच्या चार खुर्च्या तू लग्न करून जाताना नेल्यास, त्या तेवढ्या पाठव.

आणखी एक ता. क. खुर्च्यांबरोबर तूही ये. जुन्या घराबद्दल मी पुष्कळ सांगून बसलेय, पण तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि मला नुसता धूर आठवतो. बाल्कनीवर देवदूत कोरलेले होते असं ठोकून दिलंय. तू तर बारा वर्षांची होतीस. ताई, आपल्याला बाल्कनी होती का गं?