हॅनाची केस आणि आमचे वकीलसाहेब

मंगळ., ४ मार्च
जमलं! शनिवारची टूर माझी. रिटायर झाल्यापासून या म्युझियममध्ये जुने कागद स्कॅन करतेय, आता पहिल्यांदाच लोकांसमोर. वकीलसाहेबांचं घर, वकीलसाहेबांची गोष्ट: अमेरिका देश नवा नवा असतानाचा साधा गावातला वकील, पुढे थेट सिनेटर. सुधीर म्हणाला, नवऱ्यापेक्षा त्यांचंच कौतुक जास्त. असेल! हॅनाची केस सांगताना तर अंगावर काटा येतो. गुलाम बाई कोर्टात स्वातंत्र्य मागते, आणि अख्ख्या गावात हे एकटे तिच्या बाजूने.

गुरु., ६
टूरसाठी म्हणून हॅनाच्या अर्जाचा मूळ कागद काढला. तेव्हाचे वकील कागदाची घडी घालून पाठीवर केसचं काय झालं ते एका ओळीत लिहायचे. आम्ही शहाण्यांनी स्कॅन केली फक्त पुढची बाजू! आम्ही म्हणजे मीच. मूर्ख बाई. पाठीवर साहेबांचंच अक्षर: निवडून आलो, केस सोडली. एवढंच. आनंद झाला की राग आला, काय माहीत. दोन्ही.

शुक्र., ७
क्यूरेटर कॅरलला दाखवलं. ती खुर्चीतून उठलीच. मग हळूच म्हणाली, तपासायला वेळ लागेल, तोवर छापील स्क्रिप्टच बोल, नाहीतर टूर दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. हो म्हटलं. सुधीर म्हणतो, एवढी हौस होती ना, कर की गुपचूप. करते बापडी. आमटीत मीठ दोनदा पडलं.

शनि., ८
बावीस जण! साडी नेसले, पायात स्नीकर्स. आवाज खणखणीत, एकदाही अडखळले नाही. कॅरल दाराशी, खूश. कोर्टाचा भाग संपला, टाळ्या. काय मजा आली यार! मग पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "आणि हॅना? ती सुटली का?"
स्क्रिप्टमध्ये हॅनाचं पुढे काही नाहीच. कॅरल माझ्याकडे बघत होती.
"माहीत नाही," मी म्हटलं. "आमच्या वकीलसाहेबांनी तिला मध्येच सोडलं."
मग कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. पण उठलंही नाही कुणी. अर्धा तास नुसते प्रश्न!

रवि., ९
कॅरलचा मेसेज: उद्या दहाला ये, बोलू. बस्स. सुधीर विचारतोय, काढणार का तुला? कोण जाणे. कोर्टाचे त्या वर्षाचे बाकीचे गठ्ठे मागवायचा फॉर्म मी सकाळीच भरलाय. काढलं तर काढलं. हॅनाचं काय झालं, ते मला हवंय.