अम्मांच्या मांडीवर

जालना

प्रिय केशव,

तुझं पत्र काल पोचलं. अंगात अजून ताकद नाही, दिवाळीला प्रवास झेपायचा नाही, आणि अन्वरच्या अम्मा सोडायला तयार नाहीत, असं लिहिलंस. ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बराबर आहे, राहू दे तिथं." पण 'अम्मा सोडत नाहीत' एवढ्या शब्दांनी मला दिवसभर काही सुचू दिलं नाही. भाजी करपली. आजींनी विचारलं तर म्हटलं, चूल भडकली.

हैदराबादेहून आल्यापासून मी गप्प आहे, हे रजनीने तुला कळवलंच असेल. बहीण तुझी, तिला राहवत नाही. तर ऐक.

तुझ्या विषमज्वराची तार आली तशी मी तुझ्या मामाला घेऊन निघाले. काचीगुडा स्टेशन येईपर्यंत मनात सारखं एकच, परक्या घरात माझं लेकरू एकटं पडलं असेल. तुझ्या दोस्ताच्या, अन्वरच्या घरात पाय टाकला तर तू एकटा नव्हतास. अम्मांच्या मांडीवर तुझं डोकं होतं. मिसरूड फुटलेला, कॉलेजात जाणारा तू, आणि त्या तुझ्या केसांतून हात फिरवत होत्या, कपाळाचा मुका घेत होत्या, तुझ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडत होत्या. मामा दिसताच पदर ओढून आत गेल्या. तुझ्यापुढे मात्र पडदा नाही. मला पाहून तू धडपडत उठलास. मला वाटलं, हात पसरशील. तू खाटेवरूनच वाकलास आणि माझ्या पायांपासून वीतभर दूर जमिनीला हात लावलास. मी "औक्षवंत हो" म्हटलं आणि उभीच राहिले.

खरं सांगते, त्या बाईचा मला फार राग आला. बरं, वाईट असती तर मनासारखा राग धरता आला असता. पण माझ्यासाठी शेजारच्या जोशीणबाईंकडून नव्या घागरीत पाणी भरून ठेवलेलं. आमचं सोवळं ठाऊक, तुझं पथ्य ठाऊक, कुठल्या कुशीवर तुला झोप लागते तेही ठाऊक. ते मला ठाऊक नव्हतं.

एका दुपारी तुला डोळा लागला तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. गुडघ्याला गुडघा लागला. मी जरा सरकले, त्याही सरकल्या. पुन्हा सरकले तर मागे भिंत. माझा हात आपल्या हातात घेऊन म्हणाल्या, "बहन, एक बात पूछूँ? बुखार में बच्चा एकीच बात बोलता था, 'आई, शिवू का?' मैं समझी पानी माँगरा. पानी दी तो नक्को बोला. ये शिवू क्या होता?"

मला अर्थ सांगता आला असता. जालन्याच्या बाजारात जन्म गेला, तेवढी बोली मला येते. पण मी म्हटलं, "कुछ नहीं, बुखार की बड़बड़." त्यांना तो शब्द द्यायचा नव्हता मला. तुझं कपाळ त्यांच्याकडे, तुझी झोप त्यांच्याकडे. तापात तू हाक मारलीस ती मला.

तुला आठवत नसेल. मी पहाटे सोवळं नेसून स्वैपाकाला लागायची, ती दुपारची पानं उठेपर्यंत कुणाला शिवायची नाही. तू रांगत यायचास, आजी ओरडायच्या, आणि कामाची झुंबरबाई तुला उचलून ओसरीवर न्यायची. मग तुला कळलं, उघड्या अंगाने शिवलं तर चालतं. आंगडं काढून फेकायचास आणि धावत येऊन माझ्या पाठीला चिकटायचास. पुढे लाजायला लागलास. उंबऱ्याशी थांबून विचारायचास, 'शिवू का?' मी मानेनेच नको म्हणायची. एके दिवशी विचारणंही थांबलं. आजी कौतुकाने म्हणाल्या, "शहाणा झाला हो!" संध्याकाळी मी मोकळी, पण वडीलधाऱ्यांसमोर पोटच्या पोराला कुशीत घेणं आपल्याकडे बरं दिसत नाही. अम्मांना कुणी अडवलं नाही. याचाच मला हेवा वाटतो, केशव. अजून वाटतो.

आज सकाळी मी आजींना सांगितलं, केशव येईल त्या दिवशी स्वैपाक त्याच्या काकू करतील, मी सोवळं नेसणार नाही. त्या म्हणाल्या, "हे कुठलं नवीन?" मी म्हटलं, "नवीनच आहे." ह्या घरात मी असं कधी बोलले नव्हते. हे जेवत होते, त्यांनी मान वर केली नाही. आजी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलू देत.

म्हणून लिहिते आहे. तू दिवाळीला घरी ये. मामा न्यायला येईल, गाडीत आडवा पडून ये, पण ये. अम्मांना माझा नमस्कार सांग. त्यांनी त्या शब्दाचा अर्थ विचारला तर मात्र सांगू नकोस. मी स्वतः स्टेशनवर येणार आहे. तू उतरलास की तुला पोटाशी धरणार आहे, सगळं जालना बघत असलं तरी. मला ते नीट जमेल की नाही ठाऊक नाही, सवय राहिलेली नाही. तू फक्त मागे सरकू नकोस.

तुझीच,
आई