मेंढ्याचा कान आणि काकांचं मत

प्रिय तोलोमुशदादा,

धाकट्या बहिणीचा सलाम. तुझा गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि बिश्केकची हवा, तिन्ही बरी असोत. (हवेची आशा मी सोडली आहे, पण विचारायची पद्धत आहे.) इकडे सगळं ठीक; फक्त आपल्या ओसमोनकुलकाकांना सरकारी शिक्क्यानिशी वेडं ठरवायचं जिल्हाप्रमुखांनी मनावर घेतलं आहे.

त्याचं असं झालं. लोकनेत्यांना तहहयात खुर्ची द्यावी का, यावर रविवारी मतदान, म्हणून जिल्हाप्रमुखांनी शाळेत मेजवानी दिली. नेते स्वतः येणार होते. आला त्यांचा फोटो. तो दारासमोरच्या मानाच्या जागी गादीवर बसवला आणि रीतीप्रमाणे त्याच्यापुढे मेंढ्याचं शिजवलेलं डोकं ठेवलं. आता डोकं ज्याच्या पुढ्यात, त्यानेच पहिली सुरी चालवायची. तोवर कोणी अन्नाला हात लावायचा नाही. फोटो काही सुरी उचलेना. पाऊण तास आम्ही साठ माणसं थिजत चाललेल्या चरबीकडे बघत बसलो. (जिल्हाप्रमुख मधूनमधून टाळ्या वाजवायला लावत होते, तेवढीच ऊब.) शेवटी त्र्याऐंशी वर्षांचे काका उठले, "पोरगं लाजतंय" म्हणाले आणि मेंढ्याचा कान कापून फोटोपुढे ठेवला. कान आपण लहान पोरांना देतो, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. हे जिल्हाप्रमुखांनाही त्यांच्या आजीने शिकवलं असणार, कारण ते बिटासारखे लाल झाले. काकांची चूक एवढीच की चष्मा घरी राहिला होता, आणि फोटोतल्या सुरकुत्या इतक्या पुसल्या होत्या की त्यांना तो कुणाचा तरी नातू वाटला.

आता मतदान केंद्राची प्रमुख मी, म्हणून काका भ्रमिष्ट आहेत, नाव यादीतून काढावं, असं मी लिहून द्यायचं. नाहीतर शाळेतली नोकरी जाईल. "बाई, एका म्हाताऱ्याच्या मतासाठी कशाला जिवाला घोर लावून घेता? सगळी जनता साहेबांच्याच मागे आहे," असं जिल्हाप्रमुख म्हणाले. एकतीस वर्षं मी गणित शिकवते, दादा. सगळ्यांतून एक वजा केला तरी सगळेच उरतात, असं मी एकाही पोराला शिकवलेलं नाही. मला भीती वाटते, पण सही करणार नाही.

तुझी
जिपार

ता. क. काका म्हणतात, चष्मा असता तरी कानच दिला असता. हे कुणाला सांगू नकोस.

ता. क. दुसरा. तुझं नाव अजून गावच्याच यादीत आहे. तू लोकनेत्यांच्या पक्षाचा जुना कार्यकर्ता, मत त्यांनाच देशील. खुशाल दे. पण रविवारी ये आणि मोजणी संपेपर्यंत माझ्या शेजारी बस. विरोधातली मतं विरोधाच्याच गठ्ठ्यात राहिली, हे मी सांगितलं तर कोणी मानणार नाही. तू सांगितलंस तर त्यांना मानावं लागेल.