न घेतलेल्या गाडीची हकीकत

मुलुंड (पूर्व),
रविवार, दुपार

ती. स्व. दशरथदादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. तुझी शुगर, वहिनीची कंबर आणि काजूच्या कारखान्याचे पत्रे या तिन्ही गोष्टी जागच्या जागी असतील असं धरून चालते. आमचं दोघांचं बरं आहे, म्हणजे गोळ्या वेळेवर चालू आहेत. फोनच केला असता, पण मी फोन घेतला की हे जवळ येऊन बसतात आणि मला मध्ये मध्ये सुधारतात. म्हणून इतक्या वर्षांनी कागद काढला.

आधी वहिनीला सांग की नव्या गाडीच्या पूजेसाठी तिने कुडाळहून पाठवलेला नारळ पोचला. त्याची सोलकढी केली, कारण गाडी नाही. ह्यांनी (म्हणजे अनिरुद्धरावांनीच, दुसरं कोण?) घरच्या ग्रुपवर जो फोटो टाकला, काळी लांबलचक गाडी, तिच्या टपावर हात आणि खाली ‘एकदाचा योग आला’, तो योग नुसता बसण्याचा होता. तुम्ही सगळ्यांनी अभिनंदनाचा असा काही पाऊस पाडलात की ह्यांना खरं सांगायचा धीर झाला नाही. प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवत बसले. मी स्वयंपाकघरातून बघत होते, पण मीही बोलले नाही, तेव्हा अर्धं पाप माझं.

सुरुवात झाली ती डोळ्यांच्या डॉक्टरमुळे. हे निवृत्त झाल्याला वर्ष होऊन गेलं, तुला ठाऊक आहेच. चौतीस वर्षं कंपनीत नकाशे तपासले, चाळीस माणसं हाताखाली, आणि मग एकदम बाल्कनीतली खुर्ची. सकाळी पेपर घेऊन बसायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत तेच पान. घाटकोपरला डॉक्टरकडे नंबर लागायला तास होता, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि तळमजल्यावर गाड्यांचं शोरूम. मी ह्यांना केवळ एसीसाठी आत ढकललं. निलेश नावाचा टाय लावलेला चाळिशीचा गृहस्थ पुढे आला आणि म्हणाला, “या सर, बसा सर.” दादा, वर्षभरात ह्यांना कुणी सर म्हटलं नव्हतं. वॉचमन काका म्हणतो, भाजीवाला अंकल. माझ्या डोळ्यांदेखत ह्यांची पाठ सरळ झाली. मला भरून आलं, आणि कॉफी फुकट होती.

त्या दिवसापासून ह्यांनी एक दोनशे पानी वही घातली. तिच्यातलं मला आता झोपेतही पाठ आहे. हायब्रिड म्हणजे थोडी पेट्रोलवर, थोडी बॅटरीवर. ब्रेक दाबला की बॅटरी आपली आपण भरते, म्हणून ट्रॅफिक जितका तुंबेल तितकी ती खूश. (एलबीएस रोडवर तिला उपास घडायचा नाही.) बॅटरीवर असताना आवाज अजिबात नाही. पहिल्या दिवशी मी गाडी सुरू व्हायची वाट बघत बसले आणि बाहेर बघते तर विक्रोळी आली. मागच्या सीटला पाठ चेपायची सोय आहे, खालून गार वारा येतो, हवं तर सीट गरमही होते. मुंबईत गरम सीटचं काय करायचं हे निलेशला सांगता येईना, तेव्हा मी पापड सुचवले. घेणाऱ्याने काय बघावं याची वहीत निराळी पानं आहेत: गतिरोधकावर पोट घासतं का, बॅटरीमुळे डिकी किती आखडते, बॅटरीची वॉरंटी किती. आठ वर्षं, असं निलेश म्हणाला. (मी ह्यांना हळूच विचारलं, आपली किती?) किंमत मात्र ह्यांनी एकदाही विचारली नाही. निलेशला संशय यायला हवा होता तो तिथे.

टेस्ट ड्राइव्ह दर रविवारी. चालवायचा निलेश, कारण ह्यांचं लायसन्स संपून दहा वर्षं झाली. पण ह्यांनी त्याला ऐटीत सांगितलं की मालक नेहमी मागे बसणार, तेव्हा गाडी मागूनच पारखायला हवी. मग पारखता पारखता आम्ही पवईला माझ्या नणंदेकडे चकल्या पोचवल्या, जुहूला पाय ओले करून आलो, एका रविवारी डिकी तपासायला म्हणून दळणाचे दोन डबेही नेले. घाटकोपरचं आटोपलं की ठाण्याचं शोरूम, मग अंधेरीचं, आणि फिरून पुन्हा निलेश. घरी येताना हे मला टॉर्क समजावून सांगायचे आणि मी चक्क ऐकायचे.

घात केला मसाल्याने. वर्षाचा मालवणी मसाला कांडपावर तयार होता, सहा किलो, अजून गरम. म्हटलं, गाडी जातेच आहे. डिकीत नवा गालिचा होता, म्हणून निलेशला संकोच नको असं म्हणत मी पिशवी पायाशी घेतली. पुढे एक रिक्षा आडवी आली. ह्या गाडीला एक गुण असा की माणसाच्या आधी तीच ब्रेक लावते. तिने लावला. गाडी थांबली, आम्ही थांबलो, मसाला थांबला नाही. वरून सीटमधला वारा चालू! असा खकाणा उठला की निलेश स्टिअरिंगवर डोकं टेकून शिंकत होता, मागचे हॉर्न वाजवत होते, आणि समोरच्या पडद्यावर हवा शुद्ध करायच्या यंत्राचा आकडा लालभडक झाला होता. हे एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने घड्याळ बघत होते. वहीत नोंद आहे: ‘अकरा मिनिटांत हवा साफ. उत्तम.’

निलेशच्या शोरूमच्या मॅनेजरबाईंनी फार गोड शब्दांत सांगितलं की आता बुकिंग केल्याखेरीज ड्राइव्ह मिळणार नाही. ठाण्याला आणि अंधेरीलाही तेच उत्तर. या लोकांचाही ग्रुप असणार. असो. एका अर्थी बरंच झालं. माझे रविवार मोकळे झाले, कपाटं आवरून झाली, आणि एवढी मोठी गाडी लावली कुठे असती? सोसायटीत आमच्या नावावरच्या जागेत स्कूटर तिरकी उभी करावी लागते.

वहिनीला नमस्कार, कारखान्यातल्या बायकांना माझी आठवण सांग.

तुझी,
वसू

ता. क. ‘बरंच झालं’ हे खोटं लिहिलंय. तीन रविवार हे खुर्चीतून उठलेले नाहीत. वही कपाटात टाकली, पेपरचं पुन्हा एकच पान. मला भीती वाटते, दादा. तर तू चार दिवसांसाठी ये. बोरिवलीला नवं शोरूम उघडलंय, तिथे आमची तोंडं कुणी पाहिलेली नाहीत. गिऱ्हाईक तू. सोन्याचं कडं घालून ये. तिथला माणूस तुला सर म्हणाला की एवढंच म्हण, “मला यातलं काही कळत नाही बाबा, आमच्या अनिरुद्धरावांना विचारा.” आणि मग गप्प बस. (तुला जड जाईल, पण बहिणीसाठी कर.)

ता. क. २. गाडी तुला आवडणार, मी तुला ओळखते. काजूचा भाव यंदा चढा आहे हेही कळलंय. तरी घेऊ नकोस. तू घेऊन मोकळा झालास, तर पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी जायचं कुठे?